तेल प्यालेला दगड

प्रश्न : मावशी, मागच्या अंकातली तुमची मुलाखत वाचली. आम्हीही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. तुमच्या वडिलांनी हाल काढून तिकडे इस्रायलमध्ये संसार उभा केला. तुम्ही मात्र दर शुक्रवारी पॅलेस्टिनींसाठी जेरुसलेमच्या चौकात उभ्या राहता आणि लोद गावातलं आपलं घर दुसऱ्याचं होतं, असं चारचौघांत सांगता. हा कृतघ्नपणा नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मावशी म्हणालास म्हणून अरेतुरे करते. हाच शब्द माझ्या धाकट्या भावानंही वापरून झालाय.

१९५५ साली आम्ही मुंबईहून लोदला आलो, तेव्हा मी सहा वर्षांची. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपातले फिटर आणि लोद मोठं जंक्शन. जुन्या गावात दोन खोल्या मिळाल्या. अंगणात मधोमध भोक असलेला गोल दगड होता, आई त्यावर कपडे आपटायची. बाबांनी एकदा त्यावरून हात फिरवला नि म्हणाले, "घाण्याचा आहे गं. आपला उखळासारखा, हा जात्यासारखा. पण तेल प्यालेला दगड लपत नाही." आजोबा रेवदंड्याकडचे शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे यहुदी; बाबा घाण्यापाशीच वाढलेले.

जुलै १९४८ मध्ये लोद आणि शेजारच्या रामलेतून पन्नास हजारांवर पॅलेस्टिनींना सैन्यानं हाकललं. भर उन्हात ते रामल्लाच्या दिशेनं चालत गेले. दगड ओळखणाऱ्या बाबांनी तो कुणाचा, हे कधी विचारलं नाही. मीही चाळिशीपर्यंत विचारलं नाही, तेव्हा माझी कसली फुशारकी!

हेच बाबा १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं धरून बसले होते. आमचं लग्न लावण्याआधी तिथले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आज्या-पणज्यांची चौकशी करायचे, आम्ही अस्सल यहुदी की नाही म्हणून. ऑगस्टमध्ये संसदेनं आमच्या बाजूनं ठराव केला, तेव्हा घरी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा झाला. भिजवलेल्या पोह्यांत खोबरं कालवताना आई रडत होती.

१९८८ पासून जेरुसलेमला काळे कपडे घालून बायका पॅलेस्टिनींसाठी शुक्रवारी एक वाजता उभ्या राहू लागल्या. मी गेले, तर एकजण अंगावर थुंकला. बाबांना सांगितलं. म्हणाले, "पदर धुऊन टाक, आणि पुढच्या वेळी पाणी बरोबर ने. धरण्यात तहान फार लागते."

शेवटच्या दुखण्यात मी दगडाचं काढलं. बराच वेळ गप्प राहिले. मग, "विचारून काय करणार होतो? परत कुठं जाणार होतो?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही, म्हणून तर चारचौघांत बोलते.

ते घर कधीच पाडलं. दगडाचं काय झालं, हे भावाला ठाऊक असावं. विचारलं की तो चहा टाकायला उठतो.