बॉन की पुणे? पल्सारवर पीएचडी करायची असेल तर

तुझे प्रश्न थोडक्यात असे: तू पुणे विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, पल्सारवर (ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्यांवर) काम करायचंय, बॉनच्या माक्स प्लांक रेडिओ खगोलशास्त्र संस्थेत अर्ज करावा की पुण्यातच एनसीआरएत, म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात, राहावं, पैशांचं कसं, जर्मन यावंच लागतं का, आणि परत यायचं झालं तर काय. ताई म्हणून विचारलंस, तेव्हा ताईसारखंच सांगते. जरा लांबेल.

आधी देश बाजूला ठेव आणि कोणता डेटा हाताळायचाय ते ठरव. २०२३ च्या जूनअखेरची ती घोषणा तुला माहीत असेलच. पल्सारांच्या स्पंदांच्या वेळा वर्षानुवर्षं मोजून नॅनोहर्ट्झ वारंवारतेच्या, म्हणजे एकेका हेलकाव्याला वर्षं लागणाऱ्या, गुरुत्वीय लहरींच्या (अवकाश-काळातल्या तरंगांच्या) पार्श्वभूमीच्या खुणा दिसल्याचं अमेरिका, युरोप-भारत, ऑस्ट्रेलिया आणि चीन इथल्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं. त्यातला युरोप आणि भारताचा निकाल एकत्र होता. युरोपीय गटाकडे २५ पल्सारांची जवळपास २५ वर्षांची निरीक्षणं: एफेल्सबर्ग, जॉड्रेल बँक, नाँसे, वेस्टरबोर्क आणि सार्डिनिया या पाच दुर्बिणींची. आपल्या इनपीटीएकडे (पल्सारांची वेळमोजणी करणाऱ्या गटाकडे) त्यातल्या दहा पल्सारांची साडेतीन वर्षांची. एवढ्यावरून वाटेल की भारताचं नाव शोभेपुरतं घेतलं. तसं नाही, आणि का नाही हे समजून घेतलंस तर तुझा निम्मा निर्णय होऊन जाईल.

पल्सारचा स्पंद आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे रेंगाळतो आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १४०० मेगाहर्ट्झला जेवढा उशीर, त्याच्या सव्वाबारा पट ४०० ला. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण सतत बदलत असतं, आणि हा बदल नीट वजा केला नाही तर त्याखाली गुरुत्वीय लहरीची खूण बुडून जाते, कारण ती खूण मायक्रोसेकंदाच्या काही अंशाएवढीच असते. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या अद्ययावत जीएमआरटीचा (एनसीआरएच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा) ३०० ते ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा इथे कामी येतो. युरोपात लोफार ही कमी वारंवारतेची दुर्बीण आहे, पण त्याचा पट्टा २५० च्या खालीच संपतो. एफेल्सबर्गचं पल्सारांचं वेळमोजणीचं काम मुख्यतः १४०० च्या आसपास आणि त्याहून वर चालतं. मधली जागा खोडद भरून काढतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: जीएमआरटीच्या डेटावर एकही पल्सार स्वतःच्या हाताने पूर्ण न करता बॉनला येऊ नकोस. तुझ्या विभागातून एनसीआरए चालत जाण्याच्या अंतरावर आहे. टीआयएफआरचा (एनसीआरएच्या मातृसंस्थेचा) उन्हाळी अभ्यागत विद्यार्थी कार्यक्रम आहे, डिसेंबरात आयुका-एनसीआरएची रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा असते, आणि जीएमआरटीचा जुना डेटा ठराविक मुदतीनंतर सगळ्यांना खुला होतो. मोबाइल टॉवरची, विजेच्या तारांची गडबड डेटातून कशी काढायची, तीस अँटेना एका कलेत (फेजमध्ये) कशा आणायच्या, एखादी अँटेना रुसली की निकाल कसा बिघडतो, हे जो शिकतो त्याला बॉनमध्ये कुणी नवशिका समजत नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून ट्रकांच्या रांगेतून वाट काढत खोडदला पोचणं हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे, असं आमच्याकडचे एक ज्येष्ठ म्हणतात. मला ते पटतं.

आता बॉन काय देतं ते. एफेल्सबर्गची शंभर मीटरची तबकडी आयफेलच्या डोंगरांत, बॉनपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, एका दरीत बसवली आहे. १९७१ मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि २००० मध्ये अमेरिकेतली ग्रीन बँक येईपर्यंत हव्या त्या दिशेला वळणारी ती जगातली सर्वांत मोठी तबकडी होती. तिचं खरं भांडवल म्हणजे दशकानुदशकांचा सलग डेटा. दुहेरी पल्सारवरचं (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन पल्सारांवरचं) सोळा वर्षांचं काम २०२१ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालं, मिखाएल क्रामर यांच्या नेतृत्वाखाली. आइन्स्टाइनच्या सिद्धांताच्या इतक्या कडक चाचण्या फार थोड्या झाल्यात. असा डेटा एका पीएचडीत जमवता येत नाही, तो वारशाने मिळतो.

पण वारशाची एक गंमत सांगते. २०२३ च्या विश्लेषणात सगळी २५ वर्षं घेतली तेव्हा लहरीची खूण फिकी पडली, आणि फक्त शेवटची सुमारे दहा वर्षं घेतली तेव्हा ती ठळक झाली. जुन्या उपकरणांचे पट्टे अरुंद होते, त्यामुळे तो इलेक्ट्रॉनांचा घोळ त्यातून नीट काढताच येत नाही. पुढे २०२४ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीने ८३ पल्सारांचा अवघ्या साडेचार वर्षांचा डेटा मांडला आणि संवेदनशीलतेत जुन्या गटांची बरोबरी केली. तेव्हा “आमच्याकडे पंचवीस वर्षांचा डेटा आहे” या वाक्याने भुलून जाऊ नकोस. मुलाखतीत उलट विचार: त्यातला चांगला डेटा किती वर्षांचा?

दुसरं म्हणजे प्रयोगशाळा. मला स्वतःला बॉनमध्ये सर्वांत जास्त हेच आवडतं. मीरकॅटवरचे एस-बँडचे (जास्त वारंवारतेच्या एका पट्ट्याचे) रिसीव्हर याच संस्थेने बनवलेत. कृष्णविवराचं चित्र घेणाऱ्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या निरीक्षणांची सांगड घालायची दोन ठिकाणं होती, त्यातलं एक इथे. निरीक्षणात काही विचित्र दिसलं तर तो रिसीव्हर ज्याने जोडला त्याला दोन मजले उतरून विचारता येतं. अर्थात हे एकट्या बॉनचं वैशिष्ट्य नाही. गोविंद स्वरूपांनी जीएमआरटीसाठी पोलादी दोरांवर ताणलेल्या जाळीच्या ४५ मीटरच्या तबकड्या उभ्या केल्या तोही याच जातीचा कारभार. पण थंड रिसीव्हरच्या (गोंगाट कमी करायला अतिशीत ठेवलेल्या) कामात हात घालायचा असेल तर बॉनचा पर्याय नक्की वजनदार आहे. फक्त डेटाचं विश्लेषण करायचं असेल तर एनसीआरए सोडून येण्याचं मोठं कारण मला दिसत नाही. हे ऐकून तुझा थोडा विरस होईल.

कागदपत्रांचं पटकन आटोपते. माक्स प्लांक संस्था पदवी देत नाही. संशोधन संस्थेत, पदवी बॉन किंवा कोलोन विद्यापीठाची. या दोन विद्यापीठांसोबत संस्था जी पदवी-शाळा चालवते, तिच्यातून किंवा थेट एखाद्या जागेच्या जाहिरातीवरून अर्ज करता येतो. विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) लागतं. नोकरीच्या करारावर येणार असशील तर व्हिसाचा प्रकार वेगळा असू शकतो, म्हणून संस्थेच्या कार्यालयाकडून आधी लेखी घे. आल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, तिच्यासाठी घरमालकाचं पत्र, आणि त्या नोंदणीशिवाय पुढचं बरंच काही अडतं. घर शोधायला लागायचं ते भारतात असतानाच. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी घेता येते, कायद्यानेच. त्याहून जास्त मागणाऱ्यापासून लांब राहा.

पैसे. इथे पीएचडीवाला करारावर कर्मचारी असतो आणि बहुतेक ठिकाणी ई-१३ या वेतनश्रेणीच्या अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत पगार मिळतो. कर आणि आरोग्यविमा जाऊन दोन-तृतीयांशवाल्याच्या हाती दोन हजार युरोंच्या आसपास येतात. सामायिक घरातल्या एका खोलीला पाचशेच्या आसपास जातात, कधी जास्त. नभोवाणी-दूरदर्शनचे दरमहा १८.३६ युरो प्रत्येक घराला द्यावे लागतात, टीव्ही असो वा नसो, ते घरातल्यांनी वाटून घ्यायचे. एकट्याचं व्यवस्थित भागतं आणि घरी थोडं पाठवताही येतं. पुण्यात सध्या सुरुवातीची दोन वर्षं ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये शिष्यवृत्ती, वर घरभाडं. युरोचे रुपये करून तुलना करू नकोस, महिनाअखेरीला काय उरतं त्याची कर.

जर्मनबद्दल लोक दोन टोकांचं सांगतात. संस्थेत सगळं इंग्रजीत चालतं, प्रबंधही. बाहेर मात्र डॉक्टरची वेळ घेणं, घरमालकाशी वाद, नगरपालिकेचं पत्र, हे जर्मनमध्येच. पुण्यात माक्स म्युलर भवन आहे, निघण्याआधी ए-२ पातळीपर्यंत करून ये. इथे आल्यावर शिकू म्हणणारे बहुतेकजण शिकत नाहीत, मी पाहतेय.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष करू नकोस, कारण जाहिरातीत ती लिहिलेली नसते. जर्मनीत मुदतीच्या वैज्ञानिक करारांना कायद्याची मर्यादा आहे: पीएचडीआधी सहा वर्षं, नंतर सहा. मूल असेल तर प्रत्येकामागे दोन वर्षं वाढतात. त्यानंतर कायमची जागा मिळाली नाही तर एखाद्या प्रकल्पाच्या निधीवर, नाहीतर बाहेर. कायमच्या जागा फार थोड्या. २०२१ मध्ये इथल्या तरुण संशोधकांनी “मी हाना आहे” (हाना ही सरकारी व्हिडिओतली काल्पनिक संशोधिका) म्हणत समाजमाध्यमांवर जो संताप काढला, तो यावरच होता. बॉनची पीएचडी म्हणजे जर्मनीत आयुष्यभराची सोय, असं घरी सांगू नकोस.

परतीचं गणित मात्र दहा वर्षांपूर्वीपेक्षा बरं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, २६०० कोटींची. स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरेतल्या (आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बीण-प्रकल्पातल्या) भारताच्या सहभागासाठी १२५० कोटी मंजूर झालेत आणि त्याचं भारतातलं मुख्य ठिकाण एनसीआरएच. दोन्हीकडे उपकरणं जाणणारी माणसं लागणार. पण जागा निघतात तेव्हा तुझं काम तिथल्या लोकांनी पाहिलेलं असायला हवं, आणि चार वर्षं गायब राहून ते होत नाही. बॉनला आलास तरी इनपीटीएचा सदस्य राहा. हा गट भारत आणि जपानचा मिळून आहे, त्यामुळे बैठका ऑनलाइन असतात. उन्हाळ्यात जर्मनी भारताच्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, म्हणजे पुण्यातली दुपारची बैठक इथे सकाळच्या कॉफीच्या वेळेला येते. वर्षातून एकदा सुट्टीला पुण्यात गेलास की एनसीआरएत एक व्याख्यान दे, त्यासाठी दोन महिने आधी लिहावं लागतं.

अर्जाचा मसुदा तयार झाला की पाठव. त्यासोबत जीएमआरटीच्या डेटावर तू काढलेला एक तरी आलेख हवा, तो नसेल तर मसुदा वाचायची घाई मी करणार नाही.