जुन्या शेवरोले पिकअपचे पत्रे फॅक्टरीचेच आहेत, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की १९५१ ची शेवरोले ३१०० बघून आलात, विकणारा 'सगळे पत्रे ओरिजिनल' म्हणतोय आणि चुंबक गाडीभर चिकटला. चुंबकावरून एवढंच कळतं की तिथे लोखंड आहे. काल बसवलेला नवा पत्राही लोखंडाचाच असतो. उलट त्या काळी कॅबच्या काही सांध्यांवर फॅक्टरीतच शिसं भरायचे. तिथे चुंबक ढिला पडतो आणि लोक चांगली अस्सल कॅब 'लांबी (पुट्टी) भरलेली' म्हणून सोडून देतात. शंका आली तर कोपऱ्यात टोकदार वस्तूने ओरखडा काढा. शिसं असेल तर करडी चकाकी दिसते आणि धातू मऊ लागतो, लांबी असेल तर भुकटी पडते. शिशावर कोरडा पॉलिश पेपर मात्र घासू नका, ती धूळ विषारी असते.

पत्रा फॅक्टरीचा असणं आणि पत्रा ह्याच गाडीचा असणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणारे नेमकी हीच गल्लत करतात. हे मॉडेल १९४७ च्या मध्यापासून १९५५ च्या सुरुवातीपर्यंत निघालं आणि बरेच पत्रे वर्षावर्षांत अदलाबदल होतात. म्हणून दरवाजा आधी बघा. पुढची छोटी तिरकी फिरणारी काच १९५१ मध्ये आली. बटण दाबून उघडायचं हँडल १९५२ मध्ये आलं, त्याआधी खाली फिरवायचं हँडल होतं. म्हणजे तिरकी काच आणि फिरवायचं हँडल, ही जोडी फक्त १९५१ च्या दरवाजाला. तुमच्या गाडीला बटणाचं हँडल असेल तर दरवाजा नंतरच्या वर्षाचा आहे. तिरकी काच नसेल तर १९५० किंवा त्याआधीचा. दोन्ही जनरल मोटर्सचेच, म्हणजे शेवरोलेच्या मूळ कंपनीचेच, पण ह्या गाडीचे नव्हेत. डावा एका वर्षाचा आणि उजवा दुसऱ्या, असंही सर्रास असतं. दोन्ही बाजू बघा. पुढची काच दोन तुकड्यांची हवी; अखंड काच आणि पुढचं बदललेलं तोंड १९५४ पासूनचं.

दरवाजा उघडाच आहे तर खालची कड पालथ्या बोटाने चाचपा. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. फॅक्टरीची दुमड प्रेसमध्ये एका दाबात बसलेली, रुंदी सगळीकडे सारखी. नवी कातडी, म्हणजे दरवाजाचा नुसता बाहेरचा पत्रा, चढवली असेल तर दुमडीवर हातोडीचे चपटे ठसे लागतात आणि पाणी निघायच्या फटी लांबीने किंवा सीलरने बुजलेल्या असतात. बुजलेली फट म्हणजे दोनेक पावसाळ्यांत दरवाजा पुन्हा खालून सडणार.

मग स्पॉट वेल्ड. फॅक्टरीचा टाका म्हणजे साधारण ६ मिलिमीटरचा गोल खळगा. दोन तांब्याच्या टोकांनी पत्रा दाबून केलेला असल्यामुळे तो दोन्ही बाजूंनी किंचित आत दबलेला असतो. गॅरेजमध्ये भोक पाडून आर्क किंवा मिग वेल्डिंगने भरलेला टाका फुगीर असतो, नाहीतर ग्राइंडरने सपाट केलेला. खळगा नसेल तर तिथे नंतर काम झालंय. कॅबचे मागचे खालचे कोपरे, उंबरठा आणि पायाजवळचा आतला पत्रा इथे हे मुद्दाम शोधा, कारण ही कॅब तिथेच आधी सडते. बाहेरून कोपरा गुळगुळीत दिसला तर आतून हात घाला. जुन्या पत्र्यावर नवा तुकडा चढवलेला असेल तर आत पायरी लागते.

पाच काचांच्या, म्हणजे मागच्या दोन्ही कोपऱ्यांत जादा काचा असलेल्या कॅबबद्दल वेगळं सांगतो, कारण त्यांना भाव जास्त मिळतो आणि तीन काचांच्या कॅबला कोपरे कापून पाच काचांची करतात. अस्सल कॅबमध्ये कोपऱ्याच्या काचेभोवतीची आतली चौकट सलग असते. बनवलेल्या कॅबमध्ये छताच्या कडेखाली आडवा सांधा सापडतोच. अस्तर काढल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून विकणारा अस्तर काढू देत नसेल तर तीन काचांचाच भाव द्या.

मडगार्डचे आणि बोनेटचे बोल्ट बघायला पाना घेऊन जा. फॅक्टरीच्या ५/१६ इंची बोल्टचं डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना घट्ट बसला आणि अर्धा इंची बसतच नसेल, तर तो एम ८, म्हणजे मिलिमीटर मापाचा नंतरचा बोल्ट आहे आणि पत्रा कधीतरी खाली उतरलेला आहे. आपल्याकडे ५/१६ व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे बोल्टही खूप वापरले गेले. इंचाला १८ आटे दोन्हींना, म्हणून तो आत जातो, पण डोक्याचं माप वेगळं. बोल्ट बदलला म्हणून पत्रा बदललाच असं नाही, खोलाखोल झाली एवढं नक्की.

जाडी वर्नियरने उघड्या कडेवर मोजा. जुना पत्रा १.२ मिलिमीटरच्या आसपास, बाजारातला नवा बराचसा ०.९ चा. गंजलेल्या कडेवर मोजलंत तर आकडा फसवेल.

सगळ्यात खात्रीची जागा रंगाची. १९४९ पासून पेट्रोलची टाकी कॅबमध्ये सीटच्या मागे आली. टाकीमागचा पत्रा रंगवायला कोणी टाकी काढत नाही, त्यामुळे पहिला रंग तिथे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे आणि डॅशबोर्डखाली टिकून राहतो. तो रंग आणि दरवाजाच्या आतल्या कडेचा, थर खरवडून निघालेला सगळ्यात खालचा रंग जुळला, तर दरवाजा बहुधा त्याच गाडीचा. दाराच्या खांबावरची नंबरची पट्टी पत्र्यांचा पुरावा नव्हे, ती स्क्रूवर निघते.

आणि हे स्पष्टच बोलतो. 'सडका पत्रा कशाला ठेवायचा, नवा मडगार्ड आणा' म्हणणाऱ्या मंडळींशी माझं कधीच पटलं नाही. नव्या मडगार्डची भोकं जुळत नाहीत, ती लांबट करावी लागतात, मग बोनेटची फट एका टोकाला बंद आणि दुसऱ्याला उघडी. जुन्या मडगार्डची दोन बोटं सडलेली पट्टी कापून तेवढीच जोडली, तर उरलेला आकार फॅक्टरीचा राहतो. पोचे पडलेला अस्सल मडगार्ड चकचकीत नव्यापेक्षा जास्त किमतीचा आहे.

एक सांगायचं राहिलं. तुमची गाडी उजव्या स्टिअरिंगची असेल तर ती जनरल मोटर्सच्या मुंबईतल्या शिवडीच्या कारखान्यात जोडलेली असू शकते. तो १९२८ ते १९५४ चालला. सुटे भाग येऊन जोडणी इथे व्हायची, म्हणून खालचा रंग अमेरिकन तक्त्याशी ताडून बघू नका, गाडीतल्या गाडीतच ताडा. मागच्या, माल ठेवायच्या हौद्याचंही तसंच. अमेरिकेत फळ्या पाइनच्या, काळ्या रंगवलेल्या असायच्या. तुमचा हौदा इथल्या सुताराने सागवानात बांधलेला निघाला, तर हौद्याला आणि त्याच्या मागच्या फाळक्याला वरची कुठलीच खूण लागू नाही. मग दरवाजे, कॅब, बोनेट आणि पुढचे मडगार्ड एवढ्यावरच ठरवा.