टिक्का टॅक ए1, बर्गारा एचएमआर की रुगर प्रिसिजन: 600 मीटरपर्यंत टार्गेटसाठी कोणती रायफल घ्यावी?

6.5 क्रीडमूर या काडतुसात तिघींच्या बॅरलचा ट्विस्ट 1:8 आहे, म्हणजे आतल्या खाचा 8 इंचांत एक फेरा घेतात, आणि 140 ग्रेनची (सुमारे 9 ग्रॅमची) लांब गोळी तिन्हींतून स्थिर जाते. म्हणून ‘जास्त अचूक कोणती’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. टिक्का आणि बर्गारा 1 एमओएची (अंशाच्या साठाव्या भागाची) हमी देतात, पण ती 3 गोळ्यांच्या ग्रुपची, म्हणजे कागदावरच्या भोकांच्या पसाऱ्याची. त्याच रायफलीने, त्याच काडतुसाने 10 गोळ्या मारल्या तर ग्रुप सरासरी दीडपटीहून थोडा मोठाच येतो. 100 मीटरवर 1 एमओए म्हणजे 29 मिलिमीटर, 600 वर साडेसतरा सेंटिमीटर. तेव्हा 3 भोकांचा फोटो पाहून मॉडेल ठरवू नका.

खरा फरक मॅगझिनपासून सुरू होतो. टिक्काला तिचंच मॅगझिन लागतं. बर्गारा एआयसीएस नमुन्याचं घेते, रुगर एआयसीएसही घेते आणि एसआर-25 नमुन्याचंही (दोन्ही अनेक कंपन्या बनवतात असे सामायिक नमुने). तीन-चार मॅगझिनं पुढे घ्यावीच लागतात. तो खर्च रायफलीच्या किमतीतच धरा.

बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या, हाताने उचलून ओढायच्या दांड्याच्या) बाबतीत मात्र टिक्का पुढे. तो 70 अंशांत उघडतो आणि घसरतोही अगदी गुळगुळीत. रुगरचाही 70 अंशच, पण चाल जरा खरखरीत. बर्गाराचा 90 अंश उचलावा लागतो. स्कोप खाली बसवलात तर हँडल धरताना बोटं आयपीसला घासतात. रिंगची उंची ठरवण्याआधी हे तपासा.

बर्गाराचं बलस्थान वेगळंच आहे. अ‍ॅक्शन (बोल्ट बसतो तो मधला भाग) रेमिंग्टन 700 या जुन्या, लोकप्रिय रायफलीच्या मापाची, त्यामुळे ट्रिगर आणि स्टॉक (दस्ता) बदलायला पर्याय भरपूर. वजन सव्वाचार किलोच्या आसपास. बाकीच्या दोघी पावणेपाचच्या पुढेमागे. पोटावर झोपून मारणार असाल तर जास्तीचं वजन फायद्याचंच, धक्का कमी जाणवतो आणि गोळी कुठे लागली ते स्कोपमधूनच दिसतं.

क्रीडमूरच्या बॅरलची अचूकता साधारण 2000 ते 3000 गोळ्यांनंतर ओसरू लागते. .308 विंचेस्टर या दुसऱ्या काडतुसाचं बॅरल त्याच्या जवळपास दुप्पट टिकतं, पण 600 मीटरवर वारा त्याच्या गोळीला जास्त ढकलतो. रुगरचं बॅरल नटने बसवलेलं असल्याने हेडस्पेस गेज (काडतूस नीट बसण्याची जागा मोजायचं माप) असलेल्या कारागिराला ते बदलणं सोपं जातं. टिक्काचं कारखान्यातूनच फार घट्ट येतं.

दुकानात रायफल रिकामी असल्याची खात्री करून झोपा, गाल स्टॉकवर टेका आणि डोळे मिटून उघडा. स्कोपमध्ये पूर्ण वर्तुळ दिसायला मान ताणावी लागली तर गालपट्टीची उंची चुकली आहे. बर्गारा घेत असाल तर बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या आधारावर) भार देऊन बॅरल आणि स्टॉकमधून कागदाची पट्टी ओढून बघा. भार नसताना ती सहज सरकते, भार दिल्यावर अडकली तर स्टॉक वाकून बॅरलला टेकतोय. घेतल्यानंतर ग्रुप अचानक फाटायला लागला तर बॅरलला नावं ठेवण्याआधी अ‍ॅक्शनचे आणि रिंगचे स्क्रू टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

आत्ता आहे तशीच वापरायची असेल तर मी टिक्का घेईन. ट्रिगर, स्टॉक हळूहळू बदलत नेणार असाल तर बर्गारा. रुगर तेव्हा घ्या, जेव्हा ती टिक्कापेक्षा स्वस्त मिळत असेल आणि वाचलेल्या पैशातून स्कोप वरच्या दर्जाचा येत असेल.