दगडातले गव्हाचे दाणे

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, कॅन्ससमधल्या विचिटा शहरात राहतो. माझा दहा वर्षांचा मुलगा सुट्टीत बाबांबरोबर फ्लिंट हिल्सच्या माळावर जातो आणि दगड उलथून सरडे, साप शोधतो. परवा एका दगडात गव्हाचे दाणे रुतल्यासारखे दिसले. ते काय असेल? आणि त्याला असं फिरू द्यावं का?
– एक आई, विचिटा

उत्तर : ताई, जरूर फिरू द्या. त्या माळावर मी पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन हिंडले आहे.

ते दाणे म्हणजे बहुधा फ्यूजुलिनिडांचे जीवाश्म. सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी राहणारे हे एकपेशीय जीव. एखादा दाणा आडवा तुटलेला असेल तर भिंगातून पाहा, आत सुरळीच्या वडीसारखे वेढे दिसतील. मी साताऱ्याची. आमचा काळा कातळ लाव्ह्याचा, त्यात समुद्रातलं काही मिळायचं नाही. म्हणून पहिल्यांदा ते वेढे पाहिले तेव्हा मी तासभर जागची हलले नव्हते.

आता दगड उलथण्याबद्दल. दगडाची पलीकडची कड धरून ती आपल्याकडे उचलायची, म्हणजे खाली कॉपरहेड किंवा रॅटलस्नेकसारखा विषारी साप निघालाच तर मधे दगडाची आड राहते. हे काम बाबांचं. बोटं आत जाऊ नयेत म्हणून आकड्याची काठी वापरावी. एप्रिल-मेमध्ये पेन्सिलीएवढा बारीक, गळ्यात पिवळं कडं असलेला रिंगनेक साप हमखास भेटतो. घाबरला की शेपटीची गुंडाळी करून खालचा लालभडक रंग दाखवतो. बघून झालं की त्याला बाजूला होऊ द्या आणि दगड होता तसाच, त्याच खळग्यात बसवा. हे मी अगदी कळकळीनं सांगते. दगडाखालची ओल त्या खळग्यामुळे टिकते. एका वर्षी आमच्याच मुलांनी एका उताराचे दगड उलटे टाकून दिले. पुढच्या वसंतात तिथली माती भाजल्यासारखी कोरडी होती आणि एकही रिंगनेक दिसला नाही. मला फार वाईट वाटलं.

तिथली बहुतेक जमीन खासगी आहे, गुरं चरतात. मालकाला आधी विचारा. आणलेल्या दगडाबरोबर जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

उन्हाळ्यात कॅन्ससमधल्याच हेज गावच्या स्टर्नबर्ग संग्रहालयात त्याला न्या. जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी १९५२ साली पश्चिमेकडच्या खडूच्या खडकातून खणून काढलेला चौदा फुटी मासा तिथे आहे, आणि त्याच्या पोटात गिळलेला सहा फुटी मासा अख्खाच्या अख्खा.