बाप गेला तेव्हा रडलो नाही, सर गेले तर थांबत नाही

माघ महिन्यातली गोष्ट. अमळनेर तालुक्यातल्या एका गावाहून धुळ्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी एक गृहस्थ आले. वय चव्वेचाळीस, गावात कृषी केंद्र, घरी आई, पत्नी, दोन मुलं. त्यांना इथे भाऊसाहेब म्हणते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

खुर्चीवर बसल्यावर बराच वेळ ते हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, माझे गाण्याचे सर भाद्रपदात वारले." असं म्हणताना त्यांचा उजवा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला. गुरूचं नाव घेताना गाणारी माणसं कानाला हात लावतात, तसा. "पाच महिने झाले. दुकानात खताच्या गोण्या मोजता मोजता डोळे भरून येतात. घरातली पेटी तेव्हापासून उघडलेली नाही. माझे वडील सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हा मी असा रडलो नाही. बापापेक्षा परक्या माणसासाठी जास्त रडणारा मी कसला मुलगा?"

हा प्रश्न मला थोड्याफार फरकाने अनेकांनी विचारला आहे. कुणाची शाळेतली बाई गेलेली असते, कुणाची शेजारची मावशी, कुणाचा भजनी मंडळातला जोडीदार. सगळ्यांची भीती एकच, की नात्याच्या मानाने आपलं दुःख जास्त होतंय आणि त्यात काहीतरी गैर आहे.

माझ्याकडून पहिल्याच भेटीत एक चूक झाली, ती सांगते. त्यांनी वडिलांचं नाव काढलं आणि मी तोच धागा पकडला. वडिलांशी कसं होतं, त्यांच्या जाण्याचं दुःख मनात दाबलं गेलं का, तेच आता सरांच्या निमित्ताने वर येतंय का, असे प्रश्न विचारत गेले. भाऊसाहेबांनी दोन-तीन उत्तरं दिली आणि मग शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्हीपण सगळ्यांसारखं मला बापाकडेच नेताय. मी सरांसाठी आलोय."

ते बरोबर होतं. घरी त्यांना जे ऐकावं लागत होतं, तेच मी जरा मऊ भाषेत सांगत होते. आई म्हणाली होती, "त्या काय आपला सगा व्हतात का?" पत्नी म्हणाली होती, "वय झालं होतं त्यांचं, किती मनाला लावून घ्याल?" गंधमुक्तीच्या, म्हणजे दुखवटा सोडण्याच्या दिवशी सरांच्या दारी मंडप होता. सोयऱ्यांच्या टोप्या झाल्या, ज्याच्या-त्याच्या नावाचा पुकारा झाला आणि भाऊसाहेब मागच्या सतरंजीवर बसून राहिले. अठ्ठावीस वर्षांचा सहवास, पण त्या मंडपात त्यांच्या नात्याला नाव नव्हतं. ते जेवण न करताच घरी परतले.

या दुःखाला आमच्या शास्त्रात जागा आहे. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये यावर सविस्तर लिहिलं. समाज ज्या दुःखाची दखल घेत नाही, ज्याचा दुखवटा उघडपणे पाळता येत नाही, ते दुःख जास्त चिघळतं, असा त्याचा आशय. सांत्वनाला येणारे नात्यातल्यांच्या घरी जातात. शिष्याच्या घरी कोण येणार? मी हे सांगितलं तेव्हा भाऊसाहेब एकच वाक्य बोलले, "म्हणजे हे असतं." त्यांचे खांदे थोडे खाली आले.

आणि खरं तर अमळनेरच्या माणसाला हे मी काय सांगावं! साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये जेमतेम सहा वर्षं शिकवत होते, १९२४ ते १९३०. ते गाव आजही त्यांना घरातल्या माणसासारखं आठवतं. शिक्षकासाठी रडणं त्या मातीला परकं नाही.

दुसऱ्या भेटीत मी वडिलांचा विषय बाजूला ठेवला. म्हटलं, "सरांबरोबर तुमचं नेमकं काय गेलं, ते सांगा."

त्यांनी भूप रागाबद्दल सांगायला सुरुवात केली. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, म्हणून त्यांनी टेबलावर बोटाने सूर मोजून दाखवले. सा, रे, ग, प, ध. पाचच सूर, मध्यम आणि निषाद नाहीत. देसकारालाही हेच पाच सूर. फरक इतकाच की भूपाचा जीव गंधारात (ग) आणि देसकाराचा धैवतात (ध). सोळाव्या वर्षी शिकायला लागल्यावर भाऊसाहेबांना धैवतावर रेंगाळायची सवय होती, कारण तिथे त्यांचा आवाज छान लागायचा. सर डोळे मिटून ऐकत असायचे. धैवतावर अर्धा क्षण जास्त झाला की उजवा हात वर. "देसकारात चाललास. मागे फीर." मध्यमा पूर्णची परीक्षा झाली, लग्न झालं, दुकान आलं, विशारद राहून गेलं. तरी आठवड्यातून एकदा मोटारसायकलने अमळनेरला जाणं आणि तो वर जाणारा हात, हे चालू राहिलं.

"आता मी देसकारात गेलो तर मला सांगणार कोण?" ते म्हणाले आणि मग खूप रडले. मी मध्ये बोलले नाही.

वडिलांनी त्यांना जमीन दिली, दुकान काढून दिलं, नाव दिलं. ते सगळं वडिलांच्या मागेही घरात शिल्लक आहे, रोज हाताला लागतं. सरांनी दिलेलं मात्र सरांच्या कानात होतं. तो कान गेला. दुःख नात्याच्या जवळिकीने मोजायचं नसतं, माणसाबरोबर आपल्या आयुष्यातलं काय थांबलं त्यावरून ते कळतं. भाऊसाहेब वडिलांसाठी कमी रडले, याचा अर्थ वडील कमी होते असा नाही. बाराव्याची धावपळ, वाटण्या, आईचं दुखणं यात तेव्हा रडायला उसंत नसेल, किंवा ते दुःख मुळात वेगळ्या जातीचं असेल. दोन दुःखांची एका तराजूत मापं काढू नका, इतकंच मी त्यांना म्हणाले.

हा आजार आहे का, असंही त्यांनी विचारलं. ते जेवत होते, झोपत होते, दुकान चालू होतं, मुलांशी बोलणं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ टिकणाऱ्या शोकाची नोंद आहे, पण ती तेव्हा लागू होते जेव्हा किमान सहा महिने उलटूनही तीव्र ओढ किंवा वेदना माणसाला सोडत नाही, रोजचं जगणं ठप्प होतं आणि त्याच्या समाजात दुःखाचा जो काळ धरला जातो त्याच्या ते खूप पुढे जातं. भाऊसाहेबांचं तसं नव्हतं. ज्यांना जगणं नकोसं वाटतं, अंथरुणातून उठवत नाही, दारूचा आधार घ्यावा लागतो, त्यांनी मात्र वाट पाहू नये, मनोविकारतज्ज्ञांकडे जावं. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पेटीबद्दल मी त्यांना फक्त एवढं सांगितलं, की वाजवू नका. उघडा, पुसा, बंद करा. वाजवायचंच असं ठरवलं की हात मागे येतो. स्वच्छ करायला वेगळं धैर्य लागत नाही.

चौथ्या भेटीत ते सांगत होते. पेटीवरचं कापड काढलं तर भात्याच्या घडीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. ते चाकूच्या टोकाने हळूहळू खरवडून काढलं, मऊ ब्रशने पट्ट्या पुसल्या. भाता हलकेच हलवत एकेक पट्टी दाबून पाहिली. सगळ्या बोलल्या, काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, तेवढी अडकलेली. "मी काळी एकमध्ये गातो ताई. काळी तीन म्हणजे माझा मध्यम." त्यांच्या चेहऱ्यावर पाच महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी हललं असावं. "भूपाला मध्यम लागतच नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी भूप वाजवला, हलक्या आवाजात गायलाही. धैवतावर आले आणि थांबले. "कुणी हात वर केला नाही, पण मला दिसला. मी मागे फिरलो."

गेलेल्या माणसाला मनातून सोडून द्यायला हवं, तरच दुःख संपतं, असं पूर्वी मानत. आम्हीही विद्यार्थी असताना तेच शिकलो. क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी १९९६मध्ये उलट मांडणी केली, की नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते चालू राहणं निरोगी असू शकतं. भाऊसाहेबांचं देसकाराच्या उंबऱ्यावरून मागे फिरणं हे मला त्याचं आजवर पाहिलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण वाटतं.

मधल्या काळात मी त्यांना सरांच्या घरीही पाठवलं. गंधमुक्तीनंतर ते गेले नव्हते, काकूंना आपला त्रास नको म्हणून. काकूंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "संध्याकाळी सहा वाजले की अजून कान दाराकडे जातो. तुम्ही पोरं येतच नाही." आता आठवड्याची ती फेरी पुन्हा सुरू झाली आहे. दोन जुने शिष्यही येतात.

शेवटची भेट वैशाखात, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर झाली. आखाजीला आपल्याकडे पितरांची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, दुपारी पितरांच्या नावाने आगारी टाकतात. भाऊसाहेबांच्या मनात सरांचं नाव घ्यायचं होतं, पण घरात वडिलांची घागर, तिथे परक्याचं नाव कसं काढायचं, म्हणून ते गप्प राहिले होते. निखाऱ्यावर वडिलांच्या नावाने तूप सोडलं, पुरणपोळीचा तुकडा ठेवला. हात मागे घेणार तोच शेजारी बसलेल्या आईने विचारलं,

"तुना सरनं पुरं नाव काय व्हतं रे?"

"इतकी वर्षं घरात सगळे 'सर'च म्हणायचे, ताई," भाऊसाहेब म्हणाले. "आईला नाव माहीतच नव्हतं. मी वडिलांच्या नावासकट पूर्ण सांगितलं. तिने तुपाची वाटी पुन्हा माझ्याकडे सरकवली."