वाचकांचे प्रश्न : दाराच्या उंबऱ्यावरचा उजेड

प्रश्न : गाडीच्या पुढच्या दोन दारांसाठी मी उजळणाऱ्या सिल प्लेट, म्हणजे उंबऱ्यावर बसवायच्या पट्ट्या, आणल्या आहेत. प्रत्येक प्लेटमधून एक लाल आणि एक काळी अशा दोन तारा निघतात. माझ्या मित्राने अशाच प्लेट छतावरच्या दिव्याच्या तारेला जोडून घेतल्या होत्या. त्या दार बंद असतानाही मंद उजळत राहतात आणि गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. हे काम मला स्वतः करायचे आहे. जोड नेमका कुठे द्यावा?

उत्तर : आपल्या मित्राच्या प्लेटमध्ये दोष असेल असे वाटत नाही, चुकली आहे ती जोड देण्याची जागा. जुन्या गाड्यांत दाराच्या चौकटीतले बटण हा साधा स्विच असे. दार उघडले की तो छतावरच्या दिव्याची एक बाजू गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला जोडून देई आणि दिवा लागे. आताच्या बहुतेक गाड्यांत हा स्विच दाराच्या लॉकमध्येच बसवलेला असतो आणि तो दिवा स्वतः लावत नाही. दार उघडल्याची वर्दी तो बॉडी कंट्रोल मोड्यूलला, म्हणजे गाडीतले दिवे वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, देतो, आणि दिवा कधी लावायचा, किती वेळाने हळूहळू मालवायचा, हे ते मोड्यूल ठरवते. दिवा शाबूत आहे की नाही हे तपासण्यासाठी काही मोड्यूल दिव्याच्या तारेतून अगदी किंचित वीज सोडत असतात. साध्या बल्बवर तिचा काहीही परिणाम दिसत नाही, प्लेटमधली एलईडी मात्र तेवढ्यावरही उजळते.

केवळ या मंद उजेडाने बॅटरी तीन दिवसांत उतरणार नाही. उभ्या गाडीतली सगळी उपकरणे 'झोपी' गेल्यावर बॅटरीतून साधारणपणे 50 मिलिअँपिअरपेक्षा कमी वीज जाते. परक्या जोडणीमुळे मोड्यूल जागेच राहिले आणि अर्धा अँपिअर वीज सतत जाऊ लागली, तर एका दिवसात 12 अँपिअर-तास खर्च होतात, आणि 45 अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत जवळजवळ रिकामी होते. मित्राच्या गाडीत असेच घडत असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

म्हणून पक्कड हातात घेण्याआधी मल्टिमीटर घ्यावा. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून त्याचे काळे टोक रंग नसलेल्या उघड्या पत्र्यावर आणि लाल टोक दाराच्या स्विचच्या तारेवर टेकवावे. दार बंद असताना 12 व्होल्टच्या आसपास आणि उघडताच शून्य दिसले, तर बहुधा ती जुन्या पद्धतीची अर्थ देणारी तार आहे; मात्र वायरिंगच्या आकृतीत ती थेट दिव्याकडे जाते याची खात्री करून घ्यावी. अशा गाडीत प्लेटची लाल तार फ्यूजमधून सतत चालू असलेल्या 12 व्होल्टला आणि काळी तार स्विचच्या तारेला जोडावी. बंद दारावर मीटर 5 व्होल्टच्या जवळपासचा किंवा सारखा बदलणारा आकडा दाखवत असेल, तर ती मोड्यूलकडे जाणारी वर्दीची तार आहे. तिला प्लेट जोडू नये, कारण प्लेटमधून उलट येणारी 12 व्होल्टची वीज मोड्यूलच्या त्या पिनेला सोसणारी नसते. साधा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्पही अशा तारेवर टेकवू नये.

नव्या गाडीसाठी मी निःसंकोचपणे वेगळ्या मंडलाची (सर्किटची) शिफारस करतो. उंबऱ्याच्या कडेला एक छोटा चुंबकी स्विच आणि त्याच्या समोर दाराच्या कडेला एक चुंबक, एवढ्यावर काम भागते. स्विच घेताना तो चुंबक जवळ आल्यावर बंद पडणारा आहे ना, हे पाहून घ्यावे. चुंबक जवळ आल्यावर चालू होणारा प्रकार आणला, तर दार लावल्यावर प्लेट उजळेल. अशा जोडणीत गाडीच्या मूळ तारांपैकी एकही कापावी लागत नाही.

वीज घ्यायची ती फ्यूज बॉक्समधून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून वेगळी तार काढून देणारा जोड) लावून. तिथली जागा किल्ली काढल्यावरही चालू राहणारी निवडावी, कारण आपण दार उघडतो ते बहुतेक वेळा इंजिन बंद असतानाच, आणि किल्लीबरोबर चालू होणाऱ्या जागेवर जोडलेली प्लेट नेमकी त्याच वेळी अंधारात राहते. दोन प्लेट मिळून सहसा अर्ध्या अँपिअरहून कमी वीज घेतात, तेव्हा 1 अँपिअरचा फ्यूज आणि अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार पुरेशी आहे. सांधे क्रिंप (धातूच्या नळीत दाबून पक्के) किंवा सोल्डर करून त्यांवर हीट श्रिंक नळी, म्हणजे तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी, चढवावी. मूळ तारेत पाते घुसवणारे झटपट जोड मी टाळतो, कारण पायाखालच्या दमट जागेत ते काही काळाने गंजतात.

सर्वाधिक जपावे ते पिवळ्या रंगाला. उंबऱ्याच्या ट्रिमखालून (प्लास्टिकच्या आवरणाखालून) आणि सीटखालून जाणारे पिवळे कनेक्टर वा पिवळ्या आवरणातल्या तारा बहुधा एअरबॅगच्या किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेच्या असतात. त्यांना मल्टिमीटर लावू नये आणि त्यांवर आपली तार बांधू नये. ट्रिम काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. तोवर किल्ली चालू करू नये. ट्रिम प्लास्टिकच्या पट्टीने उचकटावी, कारण स्क्रू ड्रायव्हरने क्लिप तुटतात आणि रंगावर ओरखडा उठतो. आपली तार मूळ हार्नेसच्या (गाडीच्या तारांच्या जुडग्याच्या) बाजूने न्यावी, सीटच्या रुळांवरून नेऊ नये; सीट पुढे-मागे सरकताना आवरण सोलले गेले, तर फ्यूज उडण्याचे कारण शोधण्यात दिवस जातो.

प्रश्न : माझ्या प्लेट वायरिंगविना, आतल्या बॅटरीवर चालणाऱ्या आहेत. दोन आठवड्यांतच एक प्लेट सुटली. ती पुन्हा कशी चिकटवावी?

उत्तर : जुनी टेप पूर्ण खरवडून काढावी. तिच्यावरच नवी टेप लावल्यास ती टिकत नाही. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने जागा पुसावी. पॉलिशचा किंवा मेणाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही आणि बहुतेक प्लेट त्यामुळेच सुटतात. पत्रा थंडगार असेल, तर हेअर ड्रायरने तो कोमट करावा. प्लेट बसवल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्याने जोर देत जावे आणि पूर्ण एक दिवस तिच्यावर पाय पडू देऊ नये. टेपची पकड पक्की होण्यास सुमारे 72 तास लागतात. चिकटवण्याआधी प्लेट नुसती ठेवून दार हलकेच लावून पाहावे. दाराची बीडिंग (रबराची पट्टी) तिच्यावर चढत असेल, तर प्लेट आतल्या बाजूला सरकवावी, नाहीतर पावसाचे पाणी त्या फटीतून आत येईल. उंबऱ्यात पाणी निचरण्यासाठी असलेली छिद्रे टेपखाली झाकली गेली नाहीत, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.