एकूण कोलेस्टेरॉल १९२ असूनही डॉक्टर समाधानी का नाहीत?

एकूण कोलेस्टेरॉल १९२, म्हणजे दोनशेच्या आत असताना आणि घरात ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ तेलच वापरले जात असताना डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी का सांगितली, असे आपण विचारले आहे. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. उपचार डॉक्टरांनीच ठरवावेत. अहवाल कसा वाचावा, एवढे मात्र मी सांगू शकतो.

आपले एच.डी.एल. (ज्याला ‘चांगले’ कोलेस्टेरॉल म्हणतात) ३४ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) २४० आहे. एकूण आकड्यातून एच.डी.एल. वजा केले की १५८ उरतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचू शकणारे सारे कोलेस्टेरॉल या उरलेल्या आकड्यात येते आणि तो सर्वसाधारणपणे १३० च्या आत असावा. मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास त्याहूनही कमी. याउलट एखाद्याचे एकूण २१२ आणि एच.डी.एल. ६२ असेल, तर त्याची वजाबाकी १५० येते, म्हणजे दोनशे ओलांडूनही त्याची स्थिती आपल्यापेक्षा थोडी बरी ठरते.

ट्रायग्लिसराइडकडेही दुर्लक्ष करू नये. ते फार वाढलेल्या व्यक्तीचे रक्त आम्ही सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो तेव्हा एरवी फिकट पिवळा आणि नितळ दिसणारा वरचा द्रव पातळ ताकासारखा पांढुरका दिसतो. ४०० च्या पुढे तर एल.डी.एल. (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) नेहमीच्या सूत्राने काढताच येत नाही, ते थेट मोजावे लागते. साखर, मैदा, मद्य आणि पोटावरची चरबी ही या वाढीची नेहमीची कारणे आहेत.

तेलाविषयी सांगायचे, तर कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच, त्यामुळे डब्यावरच्या त्या शब्दाने काहीच कळत नाही. शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करते आणि संपृक्त चरबी जास्त खाल्ली की रक्तातील एल.डी.एल. वाढते. ही चरबी तुपात, पामतेलात आणि खोबरेल तेलातही भरपूर असते. म्हणून चारच्या चहाबरोबरची खारी आणि फरसाण आधी कमी करावे, जेवणात मटकी-चवळीची उसळ वाढवावी आणि रोज अर्धा तास भरभर चालावे. थायरॉइडची तपासणी झालेली नसेल, तर तीही डॉक्टरांना विचारून करून घ्यावी, कारण थायरॉइड मंदावल्यानेही हे आकडे चढतात.

पुढचा नमुना शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, दहा-बारा तासांच्या उपवासानंतर द्यावा (पाणी चालते) आणि आदल्या रात्री लग्नाची पंगत टाळावी.